मायग्रेन रोखायचं इंजेक्शन: सुरुवातीलाच की गोळ्या हरल्यावर?

निळी शाई:
महिन्याचे चार-पाच दिवस मायग्रेनच खात असेल, तर सीजीआरपीविरोधी इंजेक्शन पहिल्याच भेटीत चर्चेला यायला हवं. सीजीआरपी म्हणजे अटॅकच्या वेळी ट्रायजेमिनल नसेतून सुटणारं पेप्टाइड. आधी दोन-तीन गोळ्या ‘फेल’ करून दाखवा, या अटीत वर्ष जातं. त्यातल्या टोपिरामेट या गोळीने ऐन बोलताना शब्द सुचत नाही, बोटांना मुंग्या येतात. मुळात ते फिटचं औषध. एरेन्युमॅब हे सीजीआरपीविरोधी इंजेक्शन 2018 मध्ये आलं ते मायग्रेनसाठीच घडवलेलं. दोघांची थेट तुलना झाली, तेव्हा दुष्परिणामांमुळे टोपिरामेट सोडणारे 39 टक्के होते, एरेन्युमॅब सोडणारे 11.

कवडसा:
असहमत. त्याच तुलनेत दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले ते 55 टक्क्यांचेच (टोपिरामेटवर 31). म्हणजे बऱ्याच जणांना तेवढा गुण नाहीच. गोळी सोसली नाही तर डॉक्टरांना विचारून लवकर थांबवता येते. टोचलेलं परत काढता येत नाही, आणि या औषधाला शरीरात निम्मं व्हायलाच जवळपास महिना लागतो. मूल हवं असेल तर काही महिने आधीच थांबावं लागतं. एरेन्युमॅबने बद्धकोष्ठता होते, कधी अ‍ॅडमिट करण्याइतकी. बीपीही वाढू शकतं. बीपी असलेल्याला प्रोप्रानोलॉल (बीपी उतरवणारी आणि मायग्रेनही रोखणारी गोळी) दिलं तर एका गोळीत दोन्ही कामं होतात!

सुपारीफूल:
गुण नाही म्हणण्याआधी डोस पूर्ण गेला का, ते बघा. पेन (औषध भरलेलं, स्वतः टोचायचं इंजेक्शन) फ्रिजमधून अर्धा तास आधी काढावं. गार औषध जास्त चुरचुरतं. गरम पाण्यात ठेवू नये, हलवू नये, गोठलं असेल तर टाकूनच द्यावं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं. मांडी किंवा बेंबीपासून दोन इंच सोडून पोट. नेहमीची चूक म्हणजे पहिला ‘टक’ आवाज आला की पेन उचलणं. तो सुरुवातीचा आवाज असतो. पेनाच्या खिडकीतला रंग बदलेपर्यंत दाबून धरा. लवकर उचललं तर औषध कातडीवर ओघळतं. तसं झालं तर मनाने दुसरं पेन घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. गॅल्कनेझुमॅब या याच गटातल्या इंजेक्शनचा पहिला डोस 120 मिग्रॅच्या दोन पेनांचा असतो, पुढे दरमहा एक.

निळी शाई:
बद्धकोष्ठतेचा मुद्दा मान्य. तो त्रास आधीच असेल तर रिसेप्टर (सीजीआरपी जिथे जाऊन चिकटतं ती जागा) अडवणारं एरेन्युमॅब नको. थेट सीजीआरपीला धरणारं फ्रेमानेझुमॅब घ्यावं. पण निकाल तीन महिन्यांनी, डोकेदुखीची डायरी बघूनच लावा.

कवडसा:
डायरीत वेदनाशामकाचे दिवसही लिहा. ट्रिप्टान (अटॅक आल्यावर घ्यायची मायग्रेनची गोळी) महिन्याला दहा दिवस किंवा साधी वेदनाशामक गोळी पंधरा दिवस होत असेल, तर औषधाच्या अतिवापरानेच डोकं दुखत असू शकतं. तो हिशेब होईपर्यंत इंजेक्शनची घाई मला पटत नाही.