तेल आटलं तर मुंबईचं काय?

खडापारशी : भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. उद्या ते मिळेनासं झालं, तर मुंबई तग धरेल असं माझं मत. हे शहर पेट्रोलवर वाढलेलंच नाही. १९०७ पासून विजेची ट्राम होती, ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली. गिरणगावात भोंगा झाला की कामगार चाळीतून चालत गिरणीत जायचा. हे सगळं आपणच मोडलं. १९६४ मध्ये ट्राम काढली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांच्या पायथ्याशी मजल्यांवर मजले नुसतं पार्किंग. माणसांच्या आधी गाड्यांना घरं! आणि आता साडेदहा किलोमीटरचा कोस्टल रोड, ज्यावर दुचाकीलासुद्धा बंदी. तो पैसा बेस्टला का नाही?

कांदिवलीचा नाना : रस्त्यावर एवढा राग कशाला? तेल संपलं म्हणून रस्ता संपत नाही, उद्या त्यावरून विजेच्या गाड्या धावतील. माझी आई ७८ वर्षांची आहे, आठवड्यातून दोनदा हाजीअलीच्या बाजूला दवाखान्यात न्यावं लागतं. तिला लोकलमध्ये चढवून दाखवा, मग बोलू.

खडापारशी : नाना, आईंसाठी गाडी हवीच, वाद तो नाही. पण विजेची गाडीही तेवढीच जागा अडवते आणि आत बहुतेकदा एकटा माणूस. शिवाय त्या विजेसाठी ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात कोळसा जळतोच आहे. बसला वेगळी मार्गिका दिली तर तुमच्या गाडीपुढची गर्दीही कमी होईल.

बदलापूरवाली : दोघांचंही चाललंय ते गाडीतून आणि इतिहासातून. चाळीतून चालत म्हणे! दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, सकाळी संडासाला रांग, ते नाही आठवलं? आम्ही तेल वाचवतो ते हौसेनं नाही. मुंबईत घर परवडत नाही म्हणून सव्वा तास उभ्यानं जातो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून मेली, त्यांचंही पेट्रोल वाचलंच होतं. कुर्ल्याला उतरून बीकेसीला जायचं तर बसची रांग बघा, आणि मे २०२५ पासून किमान तिकीट पाचाचं दहा झालंय.

खडापारशी : ताई, चाळीचं कौतुक जरा जास्तच झालं, कबूल. पण तुमचाच मुद्दा पुढे नेतो. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते : मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. २००१ मध्ये दुरुस्ती झाली, वाटे सगळ्या जमिनीचे नाही, फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचे करायचे ठरले, आणि हातात उरलं ते चिमूटभर. परळला तुमचं घर असतं तर हा धागाच काढावा लागला नसता. तेल वाचवायची माझ्या मते हीच सर्वांत मोठी योजना होती.

कांदिवलीचा नाना : हे मात्र मला माहीत नव्हतं. तरी गाडी विकणार नाही हं. मार्गिका करून दाखवा, महिनाभर बसने जाऊन बघतो. आई सोडून.

बदलापूरवाली : नाना, लेडीज डब्यात मी आईंना जागा देईन, पण फक्त दुपारी. गाडी लागली, चौथी सीट मिळते का बघते. बाकी अंबरनाथनंतर.