पाचगणीजवळ तीन गुंठे घ्यावेत का? शेतकरी दाखला नाही

कोथरूडकर: पाचगणीच्या अलीकडे एका गावात प्लॉट बघितला. एजंट म्हणतो, आठ-दहा जणांचं सामायिक खरेदीखत करू, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतील, एनएचं (बिगरशेती परवानगीचं) नंतर बघू. आमच्या घराण्यात शेती नाही. मे महिन्यात आणि अधूनमधून शनिवार-रविवारी जाऊन राहायचं, एवढंच. इको झोनचा, म्हणजे पर्यावरणासाठी बांधकामावर घातलेल्या बंधनांचा, त्रास होतो का?

दस्तऐवज: इको झोन राहू द्या, आधी कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ बघा. शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शिवाय जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे किमान क्षेत्र लागतं, त्यामुळे तीन गुंठ्यांचा वेगळा सातबारा विसरा. दहातल्या एकानं जरी वाद काढला तरी सगळे अडकणार. इसार देऊ नका.

भिलारकडचा: कागदाचं वर आलंच. मी स्ट्रॉबेरी करतो, मी पाण्याचं सांगतो. पाऊस आमच्याकडं भरपूर, पण डोंगर तो धरून ठेवत नाही. मार्चपासनं झरे आटायला लागतात. नेमकं तेव्हाच शेवटच्या तोड्याला ठिबक चालू ठेवावं लागतं, आणि नेमके तेव्हाच पाहुणे येतात. शेजारच्या बंगल्याची बोअर आमच्या विहिरीपेक्षा कितीतरी खोल गेलीय. मालक चांगला माणूस आहे हो, दिवाळीला मिठाई देतो. पण अकरा महिने कुलूप.

इको झोन २००१ पासनं आहे आणि तो पाहिजेच, नाहीतर टेबललँडच्या कडेपर्यंत स्लॅब पडले असते. माझं दुखणं वेगळंय. भावाला लग्नानंतर दोन खोल्या वाढवायच्या, तर त्यालाही परवानगीची तीच फाईल, तेच हेलपाटे. राहणारा आणि सुट्टीला येणारा, दोघं कायद्याला एकच.

झुरिकवासी सातारकर: इथं स्वित्झर्लंडमध्ये नेमका तोच फरक करतात. २०१२ साली यावर देशभर मतदान झालं, ५०.६ टक्के बाजूनं. ज्या गावात दुसरी घरं, म्हणजे सुट्टीपुरती वापरायची घरं, २० टक्क्यांवर गेली तिथं नवीन दुसरं घर साधारणपणे बांधता येत नाही. दरवर्षी गाववार मोजणी जाहीर होते. पळवाट आहेच: मतदानाआधीची जुनी घरं दुसरं घर म्हणूनही विकता येतात, त्यामुळे गावातली जुनी घरं बाहेरच्यांच्या हातात जाताहेत.

कोथरूडकर: मग मे महिन्यापुरतं भाड्यानं राहिलेलं बरं?

भिलारकडचा: बरं म्हणजे, होमस्टेला या. पैसा गावात राहतो, आणि एक खोली वर्षभर दहा कुटुंबांना पुरते.

स्वित्झर्लंडचं वाचून हसू आलं. आमच्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, बंद घर आणि नांदतं घर सारखंच, तिथं टक्केवारी काढणार कोण? तसं अवघड काही नाही. वर्षाची लाइटबिलं समोर ठेवली की कुठल्या घरात किती महिने माणूस होता ते दिसतं. पण ती मागायचा अधिकार आधी पंचायतीला द्या.