उडणारे सरपटणारे प्राणी?

निळी शाई: मुलांच्या पुस्तकाचा अनुवाद करतेय. टेरोसॉरच्या पानावर पहिलंच वाक्य मराठीत असं होतंय: 'हे उडणारे सरपटणारे प्राणी होते.' वाचून मीच हसले. संपादक म्हणतात 'उडते सरडे' करा. पण टेरोसॉर सरड्यांपासून फार लांबचे, डायनोसॉरचे चुलतभाऊ. हाताचं चौथं बोट लांबच लांब वाढलेलं, त्याला ताणून बसवलेला कातडीचा पडदा, तो त्यांचा पंख. काय म्हणू यांना?

जुनाट: सरीसृप लिहा. मिटलं.

निळी शाई: मिटलं कुठे? 'सृप्' म्हणजे सरपटणंच की! संस्कृतात सरपटलं म्हणून कोणी उडायला लागत नाही.

बाराखडी: ग्रीक 'प्टेरॉन' म्हणजे पंख, संस्कृत 'पत्र' म्हणजेही पंख. धातू मुळात एकच, उडण्याचा. हेलिकॉप्टरच्या शेपटातला 'प्टर' तोच. हेलिकॉप्टर घरचं झालं, मग टेरोसॉरने काय घोडं मारलंय? आणि 'सॉर' म्हणजे सरडाच, तेव्हा संपादक अगदीच चुकलेले नाहीत.

जुनाट: अशाने मराठीत फक्त क्रियापदं उरतील. आमच्या लहानपणी डायनोसॉरला 'भीमसरट' म्हटलेलं वाचलंय. त्याच चालीवर 'पंखसरट' करा.

काठावरचा: १८४२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ ओवेनसाहेबांनी डायनोसॉरला 'भयंकर सरडा' म्हटलं ती गफलत आपण किती दिवस वाहायची? शिवाय 'सरपटणारे' हाच शब्द मुळात लबाड आहे. मगर जमिनीवर चालताना बघा. मनात आलं की पाय अंगाखाली घेते, पोट उचलते आणि चक्क चालत जाते. ट्रायासिक, म्हणजे डायनोसॉर नुकते अवतरले त्या काळातले तिचे कितीतरी नातलग सडपातळ, लांब पायांचे, कोरड्या जमिनीवर धावणारे होते. हृदयाला चार कप्पे, दात जबड्याच्या हाडातल्या खोबणीत पक्के रोवलेले. तिचं जवळचं नातं पालीशी नाही, पक्ष्यांशी आहे. 'कोट्यवधी वर्षं जशीच्या तशी' वगैरे लिहिणाऱ्यांना हे कोण सांगणार!

आजीची नात: मगर म्हणजे तुमची पुस्तकी भाषा. आमच्याकडे सुसरच म्हणायचे.

काठावरचा: सुसर वेगळी. सुसर म्हणजे घडियाल. जबडा निमुळता, मासे पकडायला केलेला, आणि नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा. नावच त्यावरून पडलं.

आजीची नात: अहो, मग 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' कोणाला उद्देशून? घडियाल गंगा-चंबळकडची. मराठी मुलखातल्या नदीकाठच्या माणसाने ती बघितली कधी, की म्हण करेल? म्हणीतली सुसर मगरच.

बाराखडी: 'सुसर' आला 'शिंशुमार'वरून, आणि हिंदीतला 'सूंस' त्याचाच भाऊ. तो आहे गंगेतला डॉल्फिन! म्हणजे तुम्ही दोघंही चुकलात.

आजीची नात: शब्दाचा पणजोबा डॉल्फिन होता म्हणून माझी आजी खोटं बोलत होती का?

काठावरचा: पाठ मात्र मऊ नाही हं. कातडीत हाडांच्या चकत्या असतात, ओळीने बसवलेल्या.

जुनाट: अहो, ती खुशामत आहे. पाठीवर बसून पैलतीर गाठायचाय त्याला!

काठावरचा: कळलं. 'मगरमिठी' तेवढी शास्त्राला धरून आहे. जबडा मिटणारे स्नायू दांडगे, उघडणारे अगदी दुबळे. पकडलेल्या मगरीच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली की काम भागतं.

बाराखडी: सरड्याबद्दल राहिलंच. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, आयोनियन ग्रीक कुंपणातल्या सरड्यांना 'क्रोकोडायलॉस' म्हणायचे. नाईलमधलं धूड बघून तेच नाव त्यालाही चिकटवलं. 'ॲलिगेटर' हे स्पॅनिश 'एल लागार्तो', म्हणजे पुन्हा सरडा. धूड कितीही मोठं असो, नाव कुंपणावरचंच. तेव्हा संपादकांवर इतकं चिडू नका.

निळी शाई: माझा प्रश्न मगरीचा नव्हता हो! पान उद्या द्यायचंय. तूर्त 'टेरोसॉर उडायचे' एवढंच ठेवलंय, जात गाळून टाकली.

जुनाट: टेरोसॉर की टेरोसोर?