ओनित्शा इंग्रजांच्या आधीचं
कुणीतरी म्हटलंय की नायजेरियातलं ओनित्शा हे शहर 1857 साली इंग्रजांनी वसवलं. हे मनाला लागलं. त्या साली नायजर नदीकाठी वखार आणि मिशन आलं, एवढंच. गाव त्याआधीचं. परंपरेनुसार एझे चिमा या मूळ नेत्याचे लोक पश्चिमेकडून, जुन्या बेनिन राज्याच्या बाजूने नदी ओलांडून आले. इथल्या इग्बो लोकांचा आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो, बाजारही त्यावरच भरायचे. काठावरच्या बाजारात बायकांचा शब्द चाले, त्यांची प्रमुख 'ओमू'. पुढे पामतेलाच्या व्यापाराने गाव फुगलं. 1879 मध्ये इंग्रजी युद्धनौकेने त्याच गावावर तोफा डागल्या, हेही सांगायला हवं. नायजरवरचा पूल तर थेट 1965 चा. तोवर नदीपारची सगळी ये-जा नावेतूनच.