हेड गॅस्केट गेल्याची शंका: इंजिन उघडण्यापूर्वी काय काय तपासावे?

कोयनाकाठ:

नमस्कार. मी कराडला राहतो. आमच्याकडे 2005 सालची एमपीएफआय इंजिनाची मारुती 800 आहे आणि ती आतापर्यंत 1,14,000 किलोमीटर चालली आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणीही आम्ही आवर्जून करून घेतली आणि ती अजून काही वर्षे घरात राहावी अशी सर्वांचीच इच्छा आहे.

गेल्या महिन्यात चिपळूणहून परतताना पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागल्यावर तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकू लागला आणि अर्धा घाट चढेपर्यंत लाल पट्टीजवळ पोचला. गाडी कडेला घेऊन तासभर थांबलो. इंजिन गार झाल्यावर पाहिले, तर पाण्याची रिझर्व्ह बाटली काठोकाठ भरलेली होती, पण रेडिएटरमध्ये जवळजवळ लिटरभर पाणी कमी होते. तेव्हापासून सपाटीवर काटा जागेवर राहतो, मात्र दर दोन-तीन दिवसांनी पाव लिटर पाणी घालावे लागते. गाडीखाली ओल कधीच दिसत नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाला आतून फिकट पिवळी साय धरलेली आहे आणि सकाळी थोडा वेळ पांढरा धूर येतो.

येथील एका गॅरेजमध्ये झाकण पाहताक्षणीच मला सांगण्यात आले की, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्या सांध्यातील पातळ सील) उडाले आहे, हेड उतरवावे लागेल आणि उतरवलेच तर संपूर्ण इंजिनाचे काम करून घ्यावे. तोपर्यंत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी रोखणारी झडप) काढून टाकण्याचा सल्लाही मिळाला. कोणतीही चाचणी न करता एवढा निष्कर्ष काढता येतो का? घरच्या घरी काय तपासता येईल आणि गॅरेजमधून नेमके काय तपासून मागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्यचाक:

आपली शंका योग्य आहे. गॅस्केट गेलेले असू शकते, पण आपण दिलेल्या लक्षणांपैकी गॅरेजने ज्यावर बोट ठेवले तेच सर्वांत कमकुवत आहे. पावसाळ्यात रोज तीन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील, तर ऑइल पुरेसे तापत नाही, आतली वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन जमते आणि ऑइलमध्ये मिसळून तीच साय तयार होते. म्हणून झाकण पुसून घ्या, गाडी एकदा सलग तासभर चालवा आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहा. डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ असेल, पातळी वाढलेली नसेल आणि साय पुन्हा धरत नसेल, तर पाणी ऑइलमध्ये जात नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. डिपस्टिकवरच दुधाळ चहासारखे ऑइल दिसले, तर मात्र गाडी एक किलोमीटरही चालवू नका, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगमध्ये तग धरत नाही आणि गॅस्केटचे काम क्रँकपर्यंत जाऊन पोचते.

पांढऱ्या धुराचेही तसेच आहे. थंड सकाळी सायलेन्सरमधून वाफ येणे स्वाभाविक आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तरच तो कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) समजावा. आपण साधे पाणी घालत असाल तर वासाचा उपयोग होणार नाही.

मला खरी खूण वाटते ती रिझर्व्ह बाटलीची. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण रेडिएटरच्या झाकणाचे. गरम झालेले पाणी झाकणाच्या वरच्या झडपेतून बाटलीत जाते आणि इंजिन गार होताना झाकणाच्या मधल्या छोट्या झडपेतून परत ओढले जाते. ती झडप चिकटली किंवा झाकणाचे रबर कडक झाले, तर पाणी परत येत नाही. दुसरे कारण म्हणजे सिलिंडरमधील ज्वलनाचा वायू गॅस्केटमधून पाण्यात शिरणे. तो वायू जागा व्यापतो आणि पाण्याला बाटलीत ढकलतो. दोन्हींत दिसणारे चित्र सारखेच असते, म्हणून आधी नवे झाकण बसवा. त्यावर छापलेला दाब जुन्या झाकणाइतकाच असावा, बहुधा 0.9 (किलो प्रति चौरस सेंटिमीटर). हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 118 अंशांना उकळते आणि घाटात आपल्याला तीच सवलत हवी असते. याच कारणाने गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतले पाणी उसळते आणि तोंड-हात भाजतात.

झाकण बदलल्यावर घरी करण्यासारखी आणखी एक तपासणी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून पाहा. पाणी तापण्याआधीच तो टणक झाला असेल, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधून आलेला आहे.

सांजवारा:

माझ्या मामांच्या जुन्या जीपचा रेडिएटर गळत असे, तेव्हा ते त्यात मूठभर हळद टाकत आणि गळती थांबत असे. बाजारात लीक बंद करणारी पावडर आणि द्रवही मिळतात. हेड उतरवण्याआधी तो प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे?

लेथकाम:

हरकत मोठी आहे आणि ती स्पष्टपणे सांगतो, कारण मी वीस वर्षे हेड फेस करण्याचे, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करण्याचे, काम केले आहे आणि अशा पावडरींनी बुजलेली हेडे माझ्या टेबलावर सतत येत असत. रेडिएटरच्या नळीला पडलेले बारीक छिद्र साधारण एका बारच्या दाबाखाली गळते, तेथे हळदीचा चोथा अडकून काही दिवस निभावतो. गॅस्केटच्या फटीवर मात्र स्फोटाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट दाब असतो, तेथे चोथा टिकत नाही. तो जाऊन बसतो हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत, म्हणजे तापणारी गाडी अधिकच तापते. मामांच्या जीपचा आजार वेगळा होता, म्हणून तो उपाय चालला.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्लाही मानू नये. आपल्याकडे ती जुनी सवय आहे, परंतु थर्मोस्टॅट नसलेले इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचण्यास वेळ घेते, संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइलमध्ये ओलावा साठतो आणि आपण ज्या सायीने घाबरलात ती आणखी वाढते. थर्मोस्टॅटवर शंका असेल, तर तो काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगून तापवा आणि उकळी येण्याच्या बऱ्याच आधी तो उघडतो का, हे पाहा. उघडत नसेल तर नवा बसवा.

गॅरेजमधून दोन चाचण्या मागा. पहिली, कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावरील आकड्याइतका दाब भरायचा आणि अर्धा तास काटा पाहायचा. काटा उतरला तर पाणी कोठून जाते ते शोधायचे: वॉटर पंपाचे छिद्र, होज पाइपांची तोंडे आणि विशेषतः डॅशबोर्डामागचा हीटर. हीटर गळत असेल तर पाणी जमिनीवर पडत नाही, पुढच्या गालिच्याखाली मुरते, म्हणून गालिचा उचलून हात फिरवा. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची. रेडिएटरमधील पाणी दोन-तीन इंच खाली घेऊन, थंड असतानाच झाकण काढून इंजिन सुरू करतात. ते तापले की रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी दाबून धरतात आणि रबरी फुग्याने आतली हवा त्या द्रवातून ओढतात. पाण्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर पेट्रोल गाडीत तो निळा द्रव पिवळा होतो. द्रव जुना असेल तर रंग बदलत नाही, म्हणून चाचणीनंतर त्याच द्रवातून सायलेन्सरचा धूर ओढून तो पिवळा होतो ना, हे करून दाखवण्यास सांगा. द्रवात रेडिएटरचे पाणी ओढले गेले तर तो निकाल धरू नये.

कोयनाकाठ:

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दहा दिवसांत जे केले ते नोंदवतो.

झाकण नवे बसवले. ऑइलची साय पुसल्यावर आणि कोल्हापूरपर्यंत जाऊन आल्यावर पुन्हा आली नाही, डिपस्टिक स्वच्छ आहे. पाणी मात्र अजूनही कमी होते आणि सकाळी दोन मिनिटांत वरचा पाइप टणक होतो. गालिच्याखाली कोरडे आहे. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घेतली, अर्ध्या तासात काटा किंचितच हलला. त्यांनी काँप्रेशनही (पिस्टनने हवा दाबल्यावर सिलिंडरमध्ये होणारा दाब) मोजले: तीन सिलिंडरचे आकडे अनुक्रमे 11.8, 11.6 आणि 11.3 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) आले. काँप्रेशन चांगले असल्यामुळे गॅस्केट सुस्थितीत आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. निळा द्रव त्यांच्याकडे नव्हता, तो मी मागवला. चाचणी केली तेव्हा तो चार-पाच मिनिटांत पोपटी आणि मग पिवळा झाला. दोन निकाल एकमेकांविरुद्ध जात आहेत, तर कोणता खरा मानावा?

लेथकाम:

दोन्ही खरे आहेत, ते एकमेकांविरुद्ध नाहीत. काँप्रेशनची चाचणी काही सेकंदांची असते आणि स्टार्टरच्या गतीने घेतलेली असते. केसाएवढ्या फटीतून तेवढ्या वेळात जी हवा निसटते, ती गेजवर दिसत नाही. घाटात तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण जोरावर चालणाऱ्या इंजिनाचा दाब आणि उष्णता निराळी असते, तेव्हा तीच फट उघडते. आपल्या आकड्यांतील फरक अर्धा किलो आहे. एक किलोच्या आत असेल तर बोअर आणि व्हॉल्व्ह वयाच्या मानाने निरोगी समजावेत. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: इंजिन पूर्ण उघडून रिंगा-पिस्टन बदलण्याची आपल्याला आज गरज दिसत नाही, आणि तो खर्च आपण निश्चितपणे नाकारू शकता. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडले असते, तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळाली असे म्हणता आले असते. तसेही येथे नाही.

फट कोठे आहे ते हेड उतरवण्याआधी समजले तर उत्तम. एकेक पिस्टन काँप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गियरमध्ये व हँडब्रेकवर ठेवून, प्लगच्या छिद्रातून काँप्रेसरची हवा द्या आणि उघड्या रेडिएटरमध्ये पाहा. ज्या सिलिंडरला हवा दिल्यावर बुडबुडे येतील, तो दोषी. त्या सिलिंडरचा प्लगही पाहा. ज्याच्यात पाणी शिरते त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा, बाकीच्यांहून स्वच्छ दिसतो.

सह्यचाक:

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड असू द्या. बोल्ट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे ढिले करा आणि बसवताना मधून बाहेर, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधील आकड्यानुसार आवळा. ब्लॉकमधील बोल्टांची भोके कापडाने आणि हवेने कोरडी करा, त्यांत पाणी किंवा ऑइल राहिले तर आकडा खोटा येतो आणि क्वचित ब्लॉकलाही तडा जातो. टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून तो नवाच घाला.

कोयनाकाठ:

काम झाले, म्हणून शेवटचा निकाल लिहितो. तिसऱ्या सिलिंडरला हवा देताच रेडिएटरमध्ये बुडबुडे आले आणि त्याचा प्लग खरोखरच पांढराशुभ्र निघाला. हेड उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला, पाण्याच्या भोकाच्या दिशेने, गॅस्केटवर नखाएवढा काळा पट्टा दिसला. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड मोजले तर ते 0.08 मिलिमीटर वाकलेले होते, मर्यादा 0.05 आहे. ब्लॉकचा माथा सरळ होता. हेडला तडा नाही हे दाब देऊन तपासून घेतले, फेसिंग केले, व्हॉल्व्हची सिले, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि थर्मोस्टॅट नवे घातले. रिंगा-पिस्टनला हात लावला नाही. रेडिएटरमधून बराच गंजाचा गाळ निघाला. वर्षानुवर्षे आम्ही साधे नळाचे पाणी घालत होतो, ते मला आज खटकते. आता कूलंट भरले आहे.

रविवारी वडिलांना घेऊन चिपळूणला गेलो आणि परतताना कुंभार्ली न थांबता चढलो. काटा निम्म्याच्या जरा खालीच राहिला. सोमवारी सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता आणि बाटलीतील पाणी शनिवारी केलेल्या खुणेवरच होते.