मदत हवी आहे: गुरुद्वाऱ्याच्या रजिस्टरात ४३ सभासद, हयात ६. नवीन सभासद करायचे कसे, आणि कोणाला?

पार्ट्सवाली

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

विदर्भातलं आमचं तालुक्याचं गाव. फाळणीनंतर इथे पंधरा-वीस शीख कुटुंबं आली, बहुतेक ट्रक, टायर, मोटारपार्ट्स या धंद्यातली. आमचंही पार्ट्सचं दुकान. शाळा झेडपीची मराठी, त्यामुळे घरी पंजाबी, गल्ल्यावर मराठी, आणि कुठलाही सरकारी कागद आला की तो माझ्या पुढ्यात. गुरुद्वाऱ्याची सोसायटी १९६७ साली नोंदवलेली. वडील (आम्ही दारजी म्हणतो) तिचे सेक्रेटरी. गेल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची लोखंडी ट्रंक माझ्याकडे आली.

ट्रंकेत लाल कापडी बांधणीचं सभासद रजिस्टर निघालं. ४३ नावं. सह्या निम्म्या उर्दूत, निम्म्या गुरुमुखीत, दोन अंगठे. एका पानावर हळदीचा पंजा उमटलाय, लंगरच्या ओट्यावर ठेवूनच लिहिलेलं असणार. शेवटची नोंद १९९४ ची. मी एकेक नाव वाचत गेले आणि दारजी डाव्या हाताने ‘गेला’ अशी खूण करत गेले. सहा नावांवर हात हलला नाही. त्यातले दोघे मुलांकडे कॅनडात, एक दारजी स्वतः.

हे सगळं आत्ताच का? बँकेमुळे. खात्यावर सही करणारे दोघेही वारले. बँक म्हणते, चॅरिटी ऑफिसचा अद्ययावत उतारा आणा. उताऱ्यावर विश्वस्त १९९१ चेच. म्हणजे आधी निवडणूक हवी, निवडणुकीला सर्वसाधारण सभा हवी, आणि सभेला घटनेप्रमाणे एक तृतीयांश गणपूर्ती हवी, म्हणजे १५ माणसं. स्वर्गातून बोलवायची का?

घटनेतलं सभासदत्वाचं कलम एवढंच आहे: ‘गावातील शीख समाजाच्या कोणत्याही प्रौढ पुरुषास कमिटीच्या मंजुरीने सभासद होता येईल. वार्षिक वर्गणी रु. ११.’ शीख म्हणजे कोण ते लिहिलेलं नाही. तेव्हा लिहायची गरजच पडली नसेल.

आता पडलीय. गेल्या रविवारी दिवाण (सामूहिक प्रार्थना) संपल्यावर लंगर हॉलमध्ये दरीवर बसून नवीन कलमावर चर्चा झाली. आत्ताचे प्रधानजी, म्हणजे अध्यक्ष (उताऱ्यावर ते नाहीत, पण प्रधान तेच) म्हणाले, ‘साबत सूरत’ असेल त्यालाच सभासदत्व. म्हणजे केस न कापलेला. यावर पोरं उठून गेली, कारण आमच्या घरांतली निम्मी मुलं मोनी (केस कापलेली) आहेत, पुण्याला असलेला माझा भाऊही. दुसरे एक चाचाजी म्हणाले, जो येऊन मत्था टेकतो तो आपला. मग प्रश्न आला आमच्या शिंपीकाकांचा. मराठी माणूस, वीस वर्षं दर रविवारी लंगरमध्ये रोट्या लाटतो. नामदेवांची ६१ पदं (शबद) गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि नामदेव शिंपी समाजातल्या माणसाला आमच्या रजिस्टरात जागा नाही, असं काका हसत हसत म्हणाले. मी नाही हसले. मलाही नाहीये जागा. ‘प्रौढ पुरुष’.

तर मरून गेलेल्या रजिस्टरातून कायदेशीर बाहेर कसं पडायचं? आणि सभासद कोण, हे इतर गुरुद्वाऱ्यांनी कसं लिहिलंय? आमचा गुरुद्वारा नांदेडच्या बोर्डाखाली येतो का, हेही एकाने विचारलं.

चहाबाज

वकील गाठा ताई. फोरमवर घटना दुरुस्त होत नसते.

पार्ट्सवाली

गाठला होता. त्यांनी ‘नवीन ट्रस्ट काढा’ सांगितलं. जागा जुन्या सोसायटीच्या नावावर आहे म्हटल्यावर ‘बघू’ म्हणाले.

जुनासनदी

नवीन ट्रस्ट अजिबात काढू नका. जमीन इकडे, माणसं तिकडे, आणि पुढची वीस वर्षं कोर्टात. मी चॅरिटीची कामं करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी सांगा, नोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो का? तसं असेल तर तुम्ही १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही आहात आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही. नुसता ट्रस्ट असता तर विश्वस्त आणि लाभार्थी, म्हणजे संगत (जमणारे भाविक), एवढाच मामला होता. सोसायटीत मात्र सगळं बळ त्या लाल रजिस्टरात असतं. आपल्याकडच्या निम्म्या देवस्थानांना हा फरक भांडण लागल्यावर कळतो.

आता गंमत बघा. सोसायटी कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, त्याला मत नाही आणि त्याची सभासद म्हणून मोजणीही नाही. तुमच्याकडे शेवटची ११ रुपयांची पावती कधी फाडलीय?

पार्ट्सवाली

हो, ‘एफ’च. पावतीपुस्तकात शेवटची पावती २००९ ची. म्हणजे सहाही गेले? शून्य सभासदांची संस्था?

जुनासनदी

घाबरू नका. हे कलम मताचा हक्क अडवतं, तेवढ्याने माणूस रजिस्टरातून आपोआप उडत नाही. घटनेत ‘वर्गणी थकल्यास सभासदत्व रद्द’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर थकबाकी भरून घ्या आणि रीतसर पावत्या द्या. पण या सहा जणांनी सभा घेऊन पन्नास नवे सभासद केले, तर उद्या रुसलेला पहिला माणूस हरकत घेईल, आणि त्याची हरकत टिकूही शकते.

म्हणून माझं मत: धर्मादाय कार्यालयातूनच वाट काढा. कलम ४१ अ खाली धर्मादाय आयुक्त कारभाराबाबत निर्देश देऊ शकतात. कलम ५० अ खाली ते संस्थेसाठी योजना ठरवून देऊ शकतात, म्हणजे सभासद कोण, विश्वस्त किती, निवडणूक कधी, सगळं. त्या अर्जाला संस्थेत हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती लागतात, आणि सोसायटीचा कोणताही सभासद अशी व्यक्ती धरला जातो. १५ नाही, दोन. तुमचे दारजी आणि गावात असलेला आणखी एक जण.

निवडणूक झाली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद. मधल्या तीस वर्षांचे चेंज रिपोर्ट राहिलेत, त्यासाठी विलंब माफीचा अर्जही करावा लागेल. आणि एक विचारतो, रागावू नका. खातं बंद असताना ग्रंथीजींचा (ग्रंथसाहिबाचा पाठ करणाऱ्यांचा) पगार कुठून देताय?

पार्ट्सवाली

गोलकातून, म्हणजे दानपेटीतून. रोख.

जुनासनदी

मला वाटलंच. गोलक दोघांच्या देखत उघडा, मोजलेली रक्कम वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. आजपासून. ऑडिटरला नंतर हेच दाखवावं लागणार आहे.

गोदाकाठ

मी नांदेडचा. ताई, तुमचा गुरुद्वारा आमच्या बोर्डाखाली येत नाही. हजूर साहिबसाठी, म्हणजे इथल्या तख्तासाठी, १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे, तोही हैदराबाद राज्याच्या काळातला. तो तख्त आणि त्याच्याशी जोडलेल्या स्थानांपुरता. अमृतसरच्या एसजीपीसीचंही (शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीचंही) तसंच, तिचा १९२५ चा कायदा इकडे लागू नाही. महाराष्ट्रातला गावोगावचा गुरुद्वारा धर्मादाय आयुक्तांकडेच.

पण सरकारी योजना मागताना डोळे उघडे ठेवा. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या बोर्डावर सरकारनियुक्त सदस्य वाढवायचा घाट घातला गेला तेव्हा इथे किती लोक रस्त्यावर आले ते मी पाहिलंय. शेवटी ते मागे पडलं. तेव्हा योजनेचा मसुदा तुमचा तुम्ही लिहून न्या, कार्यालयावर सोडू नका.

आणि एक शंका येते. पंधरा-वीस कुटुंबांच्या गुरुद्वाऱ्यात ‘साबत सूरत’वर एवढं का ताणलं जातंय? गावात सिकलीगर (लोखंडकाम करणाऱ्या शिखांची) वस्ती आहे का?

पार्ट्सवाली

आहे.

हे मी लिहायचं टाळलं होतं, तुम्ही बरोबर पकडलंत. बसस्टँडमागे साठेक घरं आहेत. कढया, विळे, कुलपं-चाव्या. गुरुपुरबाला सगळ्यात जास्त सेवा त्यांचीच, जोडाघरात चपला पुसायला त्यांची पोरं. रजिस्टरात त्यांचं नाव एकही नाही. बरं, त्यांच्यातले बरेच पगडी-दाढीवाले, काही अमृतधारी (अमृताची दीक्षा घेतलेले). म्हणजे केसांची अट घातली तर ते आत येतात आणि आमची मोनी मुलं बाहेर जातात. अट नाही घातली तर सगळेच येतात आणि बहुमत त्यांचं. हे गणित लक्षात आल्यावर गेल्या रविवारी तिसरंच कलम पुढे आलं: ‘१९६७ च्या सभासदांचे वंशज’. माझ्याच काकांनी मांडलं.

मी गप्प बसले होते. त्याचीच खंत आहे, म्हणून इथे लिहायला घेतलं.

गोदाकाठ

वंशज! गुरुगादी काय, मालगुजारी आहे का? १६९९ ला खालसा स्थापला तेव्हा पहिले पाच जण उठले त्यात बिदरचा न्हावी होता, द्वारकेचा शिंपी होता, पुरीचा पाणक्या होता. काकांना विचारा, ते कोणाचे वंशज.

जुनासनदी

भावनेचं राहू द्या, कामाचं सांगतो. वंशजांचं कलम घेऊन योजनेला गेलात तर मला नाही वाटत ते टिकेल. सार्वजनिक पूजास्थान आहे, खाजगी वाडा नाही. उलट समोरची बाजू हेच कलम दाखवून म्हणेल की ही संस्था मूठभर घरांनी बळकावलीय.

आता_दिल्लीकर

मूळचा नागपूरचा, वीस वर्षं दिल्लीत, सासर शीख. इथली गुरुद्वारा कमिटीची निवडणूक जवळून बघतो म्हणून थोडं लिहितो.

‘शीख कोण’ याचं उत्तर एकच नाही, ते कशासाठी विचारताय त्यावर ठरतं. १९४५ ची रहत मर्यादा (शिखांची आचारसंहिता) म्हणते: एक अकाल पुरख (परमेश्वर), दहा गुरू, गुरू ग्रंथसाहिब, गुरूंची शिकवण आणि दशमेशांचं (दहाव्या गुरूंचं) अमृत यांवर निष्ठा, आणि दुसऱ्या धर्माशी बांधिलकी नाही. श्रद्धेची व्याख्या आहे, दाढी मोजत नाही. १९२५ च्या पंजाबच्या कायद्यात शंका आली तर माणसाने स्वतः प्रतिज्ञेवर सांगायचं की मी शीख आहे, ग्रंथसाहिब आणि दहा गुरूंना मानतो, दुसरा धर्म नाही. मतदारयादीत मात्र केस-दाढी कापणाऱ्याला बंदी. सहजधारींना (अमृत न घेतलेल्या, पण शीख रीत मानणाऱ्यांना) त्यातून सूट होती. ती २००३ मध्ये काढली, २०११ ला हायकोर्टाने परत दिली, २०१६ ला संसदेने कायदाच बदलून २००३ पासून पुन्हा काढली. एका ओळीवरून तेरा वर्षं. आणि १९७१ च्या दिल्लीच्या कायद्यात न कापलेले केस थेट शीखच्या व्याख्येतच आहेत.

पण दिल्लीकडून एक गोष्ट उचला. इथे मतदार होणं वेगळं आणि कमिटीवर निवडून येणं वेगळं. उमेदवार अमृतधारी हवा, दारू-सिगारेट नको, गुरुमुखी वाचता-लिहिता यायला हवी. मतदाराला एवढ्या अटी नाहीत. तुम्ही हेच जरा सैल करून घ्या. सभासदत्वाला १९२५ सारखं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, गावात राहणं किंवा ठरावीक काळ संगतीत येणं, आणि नाममात्र वर्गणी. मर्यादेच्या अटी प्रधान, सेक्रेटरी अशा पदांपुरत्या. म्हणजे प्रधानजींचा मुद्दाही राहतो आणि तुमचा भाऊ मतही देतो.

‘प्रौढ पुरुष’ तर आधी खोडा. १९२५ च्या कायद्यात बायकांना मत होतं, आणि तुमची घटना १९६७ ची!

शिंपीकाकांचं मात्र अवघड आहे. ‘दुसरा धर्म नाही’ असं ते लिहून देतील का? नसतील देणार तर त्यांना त्यात ओढू नका. सेवेला सभासदत्व लागत नाही, ते त्यांनाही माहीत असणार.

पार्ट्सवाली

शिंपीकाकांना काल विचारलं. म्हणाले, मी पंढरीचा माळकरी, असली प्रतिज्ञा कशी करू? पण रोट्यांच्या पिठाचा हिशेब कोणी धड ठेवत नाही, तो तेवढा माझ्याकडे द्या. दिला.

दारजींना तुमचे सगळे प्रतिसाद पंजाबीत सांगितले. ५० अ च्या अर्जावर सही करायला तयार आहेत, डाव्या हाताने. दुसरी सही चाचाजींची, तेच मत्था टेकणारे. माझ्या काकांना वंशजांबद्दल मीच बोलले, परवा दुकानात. चहा तसाच ठेवून गेले. आज सकाळी त्यांच्या मुलाने पाना न्यायला दुकानात पाऊल ठेवलं, म्हणजे बोलणं अगदी बंद नाही.

सिकलीगर वस्तीत रविवारी जातेय, मसुदा वाचून दाखवायला. तिथले एक बुजुर्ग फोनवर म्हणाले, वर्गणी ११ च ठेवा बेटा, ५१ केलीत तर आमच्यातले निम्मे गळतील. प्रधानजींना ५०१ हवीय. आता कळतंय भांडण कुठे सरकलंय.

जुनासनदी काका, एकच राहिलं: दारजींची डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळणार नाही. चालेल का?

जुनासनदी

चालेल, पण सोबत अंगठाही घ्या आणि प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करा. नोटरीला घरी बोलवा, त्यांना ऑफिसात नेऊ नका. डॉक्टरांचा दाखला जोडा की ते शुद्धीवर आहेत आणि त्यांना समजतं. तारीख सहीच्या आदल्या दिवसाची किंवा त्याच दिवसाची असावी. रजिस्टरच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, हळदीच्या पानाचीही. मूळ प्रत हातची सोडू नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. आणि वर्गणीचा आकडा मसुद्यात टाकू नका. ‘सर्वसाधारण सभा ठरवेल ती’ असं लिहा, पण तोवर ११.