मदत हवी आहे : आईच्या मेंदूच्या आवरणातील गाठ आणि दोन डॉक्टरांची दोन मते

नमस्कार.

माझ्या आईचे वय ६८ वर्षे आहे. ती कराडजवळ आमच्या गावी राहते. मधुमेह आणि रक्तदाब यांसाठी तिला गेली अकरा वर्षे गोळ्या चालू आहेत, एरवी ती स्वतःचे सगळे स्वतः करते. श्रावणात ती न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि कपाळाला खोक पडली, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी खबरदारी म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. आत रक्तस्राव कुठेही नव्हता. परंतु माथ्यावर, भांगाच्या रेषेला लागून डाव्या बाजूला, कवटीच्या आतून चिकटलेली एक गोलसर गाठ दिसली. त्यानंतर पुण्यात कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला. अहवालात डाव्या बाजूचा पॅरासजायटल मेनिन्जिओमा (म्हणजे भांगाच्या रेषेलगतची, मेंदूच्या आवरणातील गाठ), आकार २८ × २४ × २२ मिलिमीटर, सभोवती किंचित सूज, गाठ सुपीरियर सजायटल सायनसला (माथ्याखालून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला) टेकलेली, असे लिहिले आहे. शेवटी ही गाठ योगायोगाने आढळल्याचा शेराही आहे.

गेल्या तीन आठवड्यांत मी जे समजून घेतले ते आधी मांडते, म्हणजे माझे कुठे चुकत असेल तर आपल्याला सांगता येईल. मेंदूभोवती तीन आवरणे असतात. बाहेरचे ड्युरा हे जाड आणि चिवट, मधले अ‍ॅरॅक्नॉइड कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि आतले, ज्याला 'पाया' (pia) म्हणतात ते, मेंदूला अगदी चिकटून. आईची गाठ मधल्या आवरणाच्या पेशींपासून निघून ड्युराला धरून वाढलेली आहे. म्हणजे ती मेंदूच्या आत नाही, मेंदूला बाहेरून दाबते आहे. मेनिन्जिओमा हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९२२ मध्ये दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठींच्या तीन श्रेणी आहेत आणि बहुतांश गाठी, म्हणजे दहातील सुमारे आठ, पहिल्या, सौम्य श्रेणीत येतात. परंतु श्रेणी खात्रीने कळते ती गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. एमआरआयवरून फक्त अंदाज बांधता येतो. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही अशा गाठी सापडतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००० लोकांच्या मेंदूचे एमआरआय केले, तेव्हा त्यांतील ०.९ टक्के लोकांमध्ये मेनिन्जिओमा आढळला होता. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे वाचून मला त्या रात्री प्रथमच झोप लागली.

अडचण यापुढची आहे. पहिल्या शल्यचिकित्सकांनी महिन्याभरात शस्त्रक्रिया करावी असे सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, सजायटल सायनस ही मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारी मुख्य वाहिनी आहे, गाठ आज तिला नुसती टेकलेली आहे, उद्या ती वाहिनीच्या भिंतीत शिरली तर पूर्ण काढता येणार नाही, आणि ६८ व्या वर्षी झेपणारी शस्त्रक्रिया ७५ व्या वर्षी झेपेलच असे नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी चित्रे बराच वेळ पाहिली, डोकेदुखी, आकडी, उलट्या, नजर यांविषयी विचारले, आणि यांपैकी काहीच नसल्यामुळे थांबायला सांगितले. युरोपातील मेंदू-कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणे नसलेल्या गाठीसाठी सहा महिन्यांनी एमआरआय आणि नंतर दरवर्षी एक, एवढे पुरेसे असते, असे त्यांनी समजावले. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनीही आम्हाला घाई न करता वेळ दिला, आणि दोघांचेही म्हणणे ऐकताना मला पटते. म्हणूनच मला निर्णय घेता येत नाही.

पडण्याविषयी आणखी सांगण्यासारखे विशेष नाही. उजव्या पायातली चप्पल गेले काही महिने चालताना निसटते, असे ती म्हणत असे. तिचे गुडघे झिजले आहेत, त्यामुळे मी तिला मागे पट्टा असलेली चप्पल आणून दिली होती. त्या दिवशी न्हाणीघरात ती अर्थातच अनवाणी होती.

मला विचारायचे आहे ते असे. अशा दोन मतांमध्ये आपण कशाच्या आधारावर निवड केली? गॅमा नाइफने, म्हणजे गाठीवर नेमके किरण सोडून, कवटी न उघडता उपचार होऊ शकतो का? खर्चाची तरतूद कशी केली? आणि एक प्रश्न वैद्यकीय नाही. मामांचे म्हणणे आहे की आईला गाठीविषयी काहीच सांगू नये, ती खचून जाईल. तिला आम्ही आजवर 'डोक्याला मार लागला होता त्याची तपासणी' एवढेच सांगितले आहे. तिच्यासमोर अहवाल दडवताना मला अपराधी वाटते.

पहिला प्रतिसाद

मी गेली एकोणीस वर्षे फिजिओथेरपीचे काम करते. मी शल्यचिकित्सक नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी की नाही यावर मी बोलणार नाही. परंतु आपण ज्याला विशेष नाही म्हटले आहे, त्या चप्पलेपाशी मी थांबले आणि ते वाक्य पुन्हा वाचले.

मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडून शरीराच्या उजव्या बाजूचे चलनवलन होते, आणि पाय व पाऊल हलवणारा भाग नेमका माथ्यावर, दोन्ही अर्धांच्या मधल्या फटीलगत असतो. आपल्या आईंची गाठ भांगाला लागून डावीकडे आहे आणि चप्पल उजव्या पायातली निसटते. झिजलेला गुडघा दुखतो, लंगडायला लावतो, परंतु त्यामुळे चप्पल सहसा निसटत नाही. चप्पल निसटते किंवा पाऊल उंबऱ्याला अडते, ते घोट्यातून पाऊल वर उचलण्याची ताकद कमी झाल्यामुळे. आईंना खुर्चीवर बसवून, टाचा जमिनीवर टेकवून, दोन्ही चवडे एकदमच वर उचलायला सांगा. उजवा चवडा मागे राहतो का, किंवा दहा-पंधरा वेळा केल्यावर आधी थकतो का, ते पाहा. कंबरेतील शीर दबल्यामुळेही असे होऊ शकते, मधुमेहामुळे नसांवरही परिणाम होतो, म्हणून घरच्या घरी निष्कर्ष काढू नका. मेंदूकडून आलेली कमजोरी असेल तर गुडघ्यावर हातोडीने ठोकल्यावर पाय अधिक जोराने उडतो, आणि तळव्यावर रेघ ओढल्यावर अंगठा वर जातो. डॉक्टरांना हा फरक दोन मिनिटांत कळतो.

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला लक्षणे नसलेल्या गाठीसाठी बरोबरच आहे. मात्र चप्पलेची गोष्ट त्यांच्या कानावर घातली होती का, हे आपण लिहिलेले नाही.

दुसरा प्रतिसाद

माझ्या वडिलांची याच जागी गाठ होती आणि सहा वर्षांपूर्वी मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

गॅमा नाइफविषयी आम्हीही विचारले होते. साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी तो उपचार वापरतात आणि त्याने गाठीची वाढ बहुतेकदा थांबते, परंतु गाठ तिथून जात नाही, त्यामुळे तिचा दाब तातडीने कमी होत नाही. शिवाय भांगालगतच्या गाठींमध्ये किरणोपचारानंतर मेंदूला सूज येण्याची शक्यता इतर जागांपेक्षा जास्त असते, असे आम्हाला सांगितले गेले. वडिलांच्या पायात अशक्तपणा होता, म्हणून आम्ही शस्त्रक्रिया निवडली.

शस्त्रक्रियेआधी एमआर व्हेनोग्राम काढून सायनसमधून रक्त वाहते आहे का हे अवश्य पाहून घ्या. वाहिनी चालू असेल, विशेषतः तिच्या मधल्या किंवा मागच्या भागात, तर तिला चिकटलेला गाठीचा पातळ थर मुद्दाम मागे ठेवतात. गाठ किती पूर्ण काढली यावर ती परत येण्याची शक्यता अवलंबून असते, हे सिम्प्सन या शल्यचिकित्सकांनी १९५७ मध्येच दाखवून दिले आहे, आणि तरीही आमच्या डॉक्टरांनी तो थर ठेवला. थर ठेवला हे ऐकून मी तेव्हा त्यांच्याशी वाद घातला. आज मला त्यांचा तो संयम फार मोलाचा वाटतो. तपासणीत गाठ पहिल्या श्रेणीची निघाली आणि राहिलेला थर सहा वर्षांत वाढलेला नाही. एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. शस्त्रक्रियेनंतर वडिलांचा पाय आधीपेक्षाही अधिक लुळा पडला होता आणि तो पूर्ववत होण्यास दोन महिने व्यायाम करावा लागला. आपल्या आईंना मधुमेह आहे, आणि सूज उतरवण्यासाठी देतात त्या डेक्सामेथासोनने साखर बरीच वाढते, तेव्हा ती दिवसातून किती वेळा तपासली जाईल हे आधीच विचारून ठेवा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहा. तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे आणि पूर्वीची उत्पन्नाची अटही राहिलेली नाही. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. दाखल होण्याआधी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा, कारण नियोजित शस्त्रक्रियेची मंजुरी आधी घ्यावी लागते.

वडिलांना आम्ही पहिल्या दिवशीच सांगितले. आपल्या पायाची तक्रार आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते, आणि गाठीचे माहीत नसेल तर माणूस ती डॉक्टरांना सांगणार तरी कशाला?

धागाकर्तीचा प्रतिसाद, बारा दिवसांनंतर

आपल्या दोघांचेही उत्तर मी त्याच रात्री वाचले. नाही, चप्पलेची गोष्ट मी कोणत्याही डॉक्टरांना सांगितली नव्हती. पट्ट्याची चप्पल आणून दिली तेव्हा माझ्या मते तो विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खुर्चीवर बसवले. पहिल्या चार-पाच वेळा दोन्ही चवडे सारखे उचलले गेले. नवव्या वेळी उजवा अर्ध्यावरच राहिला आणि आई स्वतःच त्याच्याकडे पाहत राहिली. मग मी तिला सगळे सांगितले. अहवाल वाचून दाखवला, गाठ कुठे आहे ते तिच्या भांगावर बोट ठेवून दाखवले. ती खचली नाही. 'मला वाटायचं, म्हातारपणामुळे पाय जड झालाय,' एवढेच म्हणाली, आणि पाय नेमका कधीपासून जड झाला ते मागे मोजत गेली. संक्रांतीला वाणवसा घ्यायला निघाली असताना पहिल्यांदा चप्पल निसटली होती. म्हणजे पडण्यापूर्वी सहा-सात महिने.

दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी तिला चालायला लावले, हातोडीने दोन्ही गुडघे तपासले, तळव्यावर रेघ ओढली, आणि उजवा अंगठा वर गेल्यावर स्वतःहून सांगितले की आता या गाठीला लक्षणे नसलेली म्हणता येणार नाही आणि आपला पहिला सल्ला बदलावा लागेल. व्हेनोग्राम झाला, वाहिनी चालू आहे. गाठीचा मोठा भाग काढायचा, सायनसला चिकटलेले जे सहज सुटणार नाही ते ठेवायचे आणि पुढे एमआरआयने त्यावर लक्ष ठेवायचे, यावर आता दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. योजनेच्या मंजुरीसाठी कागदपत्रे दिली आहेत, आणि ती मिळाली तर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया होईल.

डॉक्टरांनी जोखमी सांगून झाल्यावर आईला काही विचारायचे आहे का असे विचारले. तिने विचारले की सगळे केस काढणार का. छेद घेतात तिथली पट्टीच काढतात, बाकीचे केस राहतात, असे ते म्हणाले. घरी आल्यावर तिने आरशासमोर उभे राहून भांग मधोमध न पाडता उजवीकडून पाडून पाहिला, आणि टाके निघाल्यावर किती दिवसांनी डोक्याला तेल लावता येते ते मला विचारले. आपल्यापैकी कुणाला अनुभव असल्यास कृपया कळवावे; मी डॉक्टरांनाही विचारणार आहे.